आडाच्या तळाचं जातं

बुधवार, ९ मे १९७३. पुणे स्टेशन.

निघालेली माणसं दोन: मी आणि माझे यजमान वसंतराव. ज्यांच्याकडे निघालो ती तीन: माझी धाकटी बहीण कुसुम, तिचे यजमान नारायणराव आणि त्यांचा मुलगा मधुकर. रविवारी तिथे येणार होती ती आणखी दोन: मुलीचे वडील शामराव आणि मुलीची आत्या राधाबाई. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती सुशीला येणार नव्हती आणि मी तिला अजूनही पाहिलेलं नाही.

सामान: होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या, वसंतरावांच्या औषधांची पिशवी, मधूसाठी शर्टाचं कापड, आणि माझी यादी. मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाचं भांडार सांभाळते. यादीशिवाय मला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याबद्दल घरात चेष्टा होते, आणि काही हरवलं की सगळे माझ्याकडेच येतात.

कुसुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा होत्या की त्या मी पुन्हा वाचल्या. एक, ‘येताना अंगाचा साबण आणू नकोस, फुकट जाईल.’ दुसरी, ‘रविवारी पाहुणे पाणी पाहायला येणार आहेत.’ मला वाटलं, मुलगा पाहायला लिहायचं होतं, घाईत चुकलं असेल. साबण मी घेतलाच.

आमचे वडील रेल्वेत होते. अकोल्याला असताना त्यांनी कुसुमला बुलढाणा जिल्ह्यात दिली आणि मग बदली होऊन आम्ही बाकीचे पुण्याला आलो. तिचं घर शेतीचं, माणसं चांगली. पण इतक्या वर्षांत माझं तिकडे जाणं झालं ते थंडीतच, दिवाळीनंतर. मे महिन्यात आणि तोही या दुष्काळातला, पहिल्यांदाच जात होते.

शेगाव ते वरवट बकाल, गुरुवार

मनमाडला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी शेगावला उतरलो. तिथून एस.टी.ने वरवट बकाल. वाटेत पूर्णा ओलांडली. पुलावरून खाली पाहिलं तर पात्रात पांढरी वाळू, तीत माणसांनी उकरलेले खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यापाशी घागरी घेऊन बसलेल्या बायका. दोन्ही अंगांना काळी जमीन. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यासुद्धा कुठे दिसेनात. जळणाला गेल्या होत्या. भेगा इतक्या रुंद की त्यात चप्पल अडकावी. आणि उत्तरेला, अगदी हात लांब केला की पोचेल अशी, सातपुड्याची निळी ओळ. ती निळाई पाहून जीवाला बरं वाटत होतं आणि तिचा काही उपयोग नव्हता.

वरवटला स्टँडसमोरच्या हॉटेलावर खडूनं लिहिलेली पाटी होती: ‘येथे गोड्या पाण्याचा चहा मिळेल.’ वसंतराव म्हणाले, पुण्यात दूध चांगलं आहे असं लिहितात. चहा खरंच छान होता. त्यांनी पाण्याचा दुसरा पेला मागितला तेव्हा हॉटेलवाला हसून म्हणाला, “चहा कितीबी घ्या साहेब. पान्याचं मात्र एकच.”

मधू बैलगाडी घेऊन आला होता. एक बैल त्यांचा, दुसरा शेजाऱ्याचा. चारा नव्हता म्हणून दोन्ही घरांनी एकेक बैल सोयऱ्यांकडे पाठवून दिला होता. दोन्ही बैलांची चाल वेगळी, त्यामुळे गाडी तासभर एका कुशीवर कलंडल्यासारखी चालली. मधू चोवीस-पंचवीसचा, उंच, कमी बोलणारा. पुण्यात त्याच्या वयाची मुलं नोकरीबद्दल बोलतात. त्यानं वाटेत दोनदा विचारलं, आमच्याकडे नळ किती वाजता येतो आणि बंद कोण करतो.

वाटेत एका शेतात विहीर होती. वसंतरावांनी गाडी थांबवून वाकून पाहिलं. पाणी होतं, भरपूर, स्वच्छ, आभाळाचा तुकडा त्यात दिसत होता. ते म्हणाले, “मधू, हिच्यात तर पाणी आहे. मग लोक नदीत खड्डे का खणतात?”

“हाय ना मावसाजी,” मधू म्हणाला. “पाह्याले हाय.”

त्यानं पोहरा सोडून थोडं काढलं आणि वसंतरावांच्या ओंजळीत ओतलं. त्यांनी ते लगेच थुंकलं. मीठ घातलेल्या सोड्यासारखी चव. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अशी जमीन पसरली आहे. तिला खारपाणपट्टा म्हणतात. वर कापूस पिकतो, खाली खारं पाणी. दुष्काळात आमच्याकडे विहिरी कोरड्या पडतात. इथे भरलेल्या विहिरीच्या काठावर बसून माणूस तहानलेला राहतो.

कुसुमचं घर, गुरुवार संध्याकाळ

कुसुम दारात उभी होती. वाळली होती, पण आवाज तोच. आता ती पुरती वऱ्हाडी बोलते. माझ्याशी पुण्याचं बोलायला सुरुवात करते आणि दोन वाक्यांनंतर “काऊन वं अक्का, थकली का?” वर येते. मला ते ऐकायला आवडतं. वसंतरावांना पहिल्या दिवशी निम्मं कळत नाही.

तिच्या घराचा पाण्याचा कारभार पाहून माझ्यातली भांडारवाली खूश झाली, हे लिहायला हरकत नाही. खारं पाणी शेतातल्या विहिरीवरून येतं. ते अंघोळीला, कपड्यांना, सारवायला. त्यानं साबणाला फेस येत नाही, तांब्याच्या घंगाळावर पांढरी पुटं चढतात, धुतलेलं लुगडं वाळलं की पत्र्यासारखं उभं राहतं. भांडी राखेनं घासायची आणि धुवायची नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायची. जेवण शक्यतो पळसाच्या पत्रावळीवर, म्हणजे ताट धुणं नको. गोडं पाणी तीनच कामांना: पिणं, चहा आणि स्वयंपाक. भाजी धुतलेलं गोडं पाणी टाकायचं नाही; ते बैलाच्या घमेल्यात. अंबाडी उकडलेलं पाणी भाकरीचं पीठ मळायला. पुण्यात आमच्या वसतिगृहात मुली दात घासेपर्यंत नळ सोडून ठेवतात. मी कुसुमला तसं म्हटलं तर ती म्हणाली, सांगू नको, ऐकूनच तहान लागते.

रात्रीचं जेवण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं, सोबत बेसन आणि ठेचा. इकडे पिठल्याला बेसन म्हणतात. वसंतरावांनी ठेचा खाल्ला आणि पाणी मागायचं टाळलं. ते त्यांना किती जड गेलं ते मला ठाऊक आहे.

गोडं पाणी घरातच होतं. मागच्या परसात कडुलिंबाच्या झाडाजवळ एक आड, तोंडाला अरुंद, आतून दगडांनी बांधलेला. पाहुणे जे पाणी पाहायला येणार होते ते हे. पत्रात काही चुकलं नव्हतं.

कुसुमनं समजावलं ते असं. मुलीचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी, मळे. तिकडचे लोक खाऱ्या पाण्यात मुलगी द्यायला राजी नसतात. हुंडा, शेत, मुलाचं शिक्षण हे सगळं नंतर. आधी मुलीकडची एखादी जाणती बाई येते, पदराला मूठभर तुरीची डाळ बांधून आणते आणि त्या घरच्या पाण्यात, त्या घरच्या चुलीवर शिजत घालते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, कितीही लाकडं जाळा. शिजली तर बोलणी पुढे. मधूची दोन स्थळं गावाचं नाव ऐकूनच परत गेली होती. या तिसऱ्या लोकांनी आडाचं ऐकलं म्हणून ते यायला तयार झाले. गावात मधूच्या बरोबरीची बरीच मुलं बिनलग्नाची होती.

“पोट्टा इतका चांगला हाय अक्का,” कुसुम म्हणाली. “पन त्याचं नशीब आडात हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आड पाहिला. पाणी काढायचं ते दिवसातून एकदा, उजाडताना, लहान पोहऱ्यानं, पाण्याला धक्का न देता. या घराबरोबर शेजारची दोन घरंही इथूनच नेतात, ठरलेलं तेवढंच. मग आडावर फळी. पाणी इतकं खाली गेलं होतं की तळाशी काहीतरी गोल, काळं दिसत होतं. मी विचारलं तर कुसुम म्हणाली, ते जातं.

नारायणरावांच्या आजोबांनी तो आड खणला होता. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वरच्या थरात राहतं, खाली खारं, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. म्हणून गोडं लागल्यावर त्यांनी खणणं थांबवलं आणि घरातल्या झिजलेल्या जात्याची खालची तळी दोरानं सोडून तळाशी बसवली. पुढच्यांना खूण, की याच्या खाली जायचं नाही. तेव्हापासून गाळ काढायचा तो जात्याच्या वरचा. जात्याला कोणी हात लावलेला नव्हता.

शुक्रवार

नारायणराव सकाळपासून अस्वस्थ होते. एरवी ते मोकळे, थट्टेखोर. मला म्हणायचे, अक्का, आमच्या गावचं एक वर्षाचं पाणी तुमच्या यादीत बसवून द्या. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. रविवारी पाहुण्यांना अंघोळीला काय द्यायचं, हा प्रश्न होता.

ते स्वतः मुलीच्या गावी गेले होते तेव्हा शामरावांनी त्यांना मळ्यातल्या गोड्या पाण्यानं अंघोळ घातली होती, बादल्या ओसंडून. तिकडची रीत आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी अंघोळ, मग जेवण. आता तेच लोक यांच्या घरी येणार होते. आडात रोजच्यापुरतंच पाणी होतं. दोन माणसांच्या अंघोळी त्यातून निघाल्या तर शेजारची घरं कोरडी राहणार.

कुसुम म्हणाली, हातपाय धुवायला शेतातलं द्या, त्यांना काय आपलं गाव माहीत नाही? मीही तेच म्हटलं. वसंतराव म्हणाले, माझ्या वाटणीचं द्या, मी तसाही पुसून घेतो.

“पाव्हन्याच्या आंगावर खारं पानी वतू?” नारायणराव म्हणाले. “अन मग कोन्या तोंडानं पोरगी मांगू?”

मग त्यांनीच मार्ग काढला. जातं तेवढं बाजूला करायचं, त्याच्याखालचा पिढ्यांचा गाळ उपसायचा, झरे मोकळे करायचे. हातभरच. खोल जायचं नाही. वसंतरावांनी मान डोलावली. गाळ काढला की झरे वाहतात हे कोणीही सांगेल. मी कागदावर ‘आड साफ करणे, शुक्रवार’ असं लिहून पुढच्या ओळीवर गेले. रविवारच्या शेवयांचं ठरायचं होतं. कुसुम चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली की आजेसासऱ्यांनी जातं उगीच टाकलं नसेल. नारायणराव म्हणाले, आजोबांच्या काळी घरात इतके पाहुणे येत नव्हते.

मधू दोराला धरून खाली उतरला. शेजारचे दोघे वर रहाटावर. जातं निघायला तयार नव्हतं, चिखलानं धरून ठेवलं होतं. दुपारच्या सुमाराला ते वर आलं. काळं, ओलं, मधल्या खुंट्याच्या भोकात शेवाळ. लिंबाखाली ठेवलं. शेजारच्या बायका आल्या आणि त्यांनी एकेक करून त्याला तळवे लावले, नंतर गाल. त्या उन्हात गावात तेवढी थंड वस्तू दुसरी नव्हती. मीही हात लावला.

मग मधूनं खालून गाळाच्या पाट्या भरून दिल्या. हातभर झालं. आणि पाणी आलं. नुसतं पाझरलं नाही, चढलं. मधूच्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, तो हसत हसत ओरडून सांगत होता आणि आम्ही सगळे आडावर वाकलो होतो. नारायणरावांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, “घ्या अक्का, लिवा तुमच्या यादीत. आड साफ.” मी लिहिलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात आवाज चढले होते.

पहिला पाहुणा म्हणून वसंतरावांना अंघोळीला बसवलं. गाळ बसायला थोडा वेळ देऊन पाणी काढलं होतं, तरी गढूळच होतं, पण भरपूर होतं. कोणीही चाखलं नाही. आडाचं पाणी चाखायची त्या घरात कधी वेळच आली नव्हती. ते गोडंच असायचं. वसंतराव अंघोळ करून टॉवेल गुंडाळून आले आणि मला म्हणाले, “अगं, हा साबण जुना आणलास का? फेसच येत नाही.”

कुसुम भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती उठली, आडाचं पाणी पातेल्यात घेतलं, तुरीची डाळ घातली आणि चुलीवर ठेवली. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमलो. तिनं लाकडं पुढे सारली. उकळी आली, पिवळा फेस वर आला, तो तिनं काढला. डाळ पाण्यात उड्या मारत होती. संध्याकाळ झाली. दिवा लागला. तिनं पळीनं चार दाणे काढून नारायणरावांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अंगठ्यानं दाबले. दाणे सरकले, फुटले नाहीत.

दाणे मुठीत धरून ते बाहेर जाऊन बसले. भाकऱ्या तशाच राहिल्या.

शनिवार

मधू पहाटे उठून आड उपसायला लागला. खारं निघून गेलं तर वरचं गोडं परत उतरेल, अशी आशा होती. शेजारचेही आले, कारण त्यांचीही घागर याच आडावर होती. कोणी एक शब्द लावून बोललं नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. जितकं उपसलं तितकं पाणी चढलं आणि प्रत्येक वेळी कुसुम बोट बुडवून चाखायची आणि मान हलवायची. दुपारी मधूनं दोर सोडून दिला.

मी माझ्या परीनं हिशेब मांडायला बसले. घरात रांजणात गोडं पाणी किती, माणसं किती, रविवारचा स्वयंपाक काय. मांडता येत होतं ते एका दिवसाचं. त्याच्या पुढच्या दिवसापाशी कागद कोरा राहिला.

पाहुण्यांना निरोप पाठवायचा वेळ नव्हता. आणि खरं तर पाठवायचा नव्हता. नारायणराव मधूला म्हणाले की गाडीत टिपाड टाक आणि कुठूनही गोडं पाणी आण. जवळच्या गावांत कोण देणार? मधू उन्हातच गाडी जुंपून सातपुड्याच्या बाजूला निघाला. अंधार पडल्यावर परतला, टिपाड भरून, तोंडावर ओली गोणपाटं बांधून. एका मळेवाल्यानं दिलं म्हणाला. रांजण, माठ, तांबे सगळं त्या पाण्यानं भरलं. कुसुमनं थोडं चाखलं आणि डोळे पुसले. गोडं होतं.

ती मला म्हणाली, “अक्का, बाबांनी माह्या वेळी डाळ नाही शिजवून पाह्यली.”

मी म्हटलं, बाबांना ही रीत माहीत नव्हती. ती म्हणाली, हाव, माहीत नव्हती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो असता तर चाललं असतं.

रविवार

पाहुणे ऊन चढायच्या आत आले. शामराव गोरे, भारदस्त, मोठ्यानं बोलणारे. त्यांची बहीण राधाबाई साठीच्या, बारीक, नऊवारीच्या पदराला गाठ. तीच ती डाळ. सुशीलेची आई लवकर गेली, राधाबाईंनीच तिला वाढवलं, हे कुसुमनं मला आधी सांगितलं होतं.

ओसरीवर सतरंजी, गूळ आणि पाण्याचे तांबे. अंघोळीचं कोणी काढलंच नाही. राधाबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या उचलून एक घोट घेतला. तो तोंडात जरा धरला. मग दुसरा घेतला. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. तिथे आधी आश्चर्य आलं आणि मग एक दुखरं हसू.

“घरीच आल्यावानी वाटलं,” त्या म्हणाल्या.

मधू खाली पाहत उभा होता. मळेवाला कोणत्या गावचा, ते त्याला आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. सातपुड्याच्या अंगाला ज्या वाटेनं गाडी जाते ती वाट सुशीलेच्या गावावरूनच जाते. गोडं पाणी जिथे आहे तिथून त्यानं आणलं. दुसरं कुठे जाणार होता?

शामरावांना काही कळलं नाही. ते पाण्याची तारीफ करत होते. राधाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि कुसुमला म्हणाल्या, “चाल बाई, आड दाखव.”

आम्ही तिघी परसात गेलो. राधाबाई आडापाशी पोचल्याच नाहीत. लिंबाखाली जातं होतं, त्याच्या कडेचा चिखल वाळून पांढरा पडला होता. त्या तिथेच थांबल्या, वाकून त्याला हात लावला. आडाचं ऐकलं तेव्हा जात्याचंही त्यांनी ऐकलं असणार; त्यांना काही सांगावं लागलं नाही. कुसुमनं फळी सरकवली, पोहरा सोडला, पाणी काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मी तिला थांबवू शकले असते की नाही, ठाऊक नाही. राधाबाईंनी ते पाणी थुंकलं नाही. पोहरा तोंडाला लावून घोटाघोटानं प्यायल्या.

“कवा काढलं जातं?”

“परवा.”

“काऊन वं?”

कुसुम म्हणाली, “तुमच्या आंघोळीसाठी.”

राधाबाईंनी पोहरा काठावर ठेवला. मग म्हणाल्या, “आमी कोठी आंघोळ मांगतली होती?”

त्या ओरडून बोलल्या नाहीत. घरातल्या धाकट्या जावेला विचारावं तसं विचारलं. कुसुम आडाच्या काठावर बसली आणि पदर तोंडाशी धरला. राधाबाई तिच्या शेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून. मी शेवया पाहायला आत गेले, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

जेवण झालं. वरण, भात, शेवया, कैरीचं पन्हं, सगळं त्या टिपाडाच्या पाण्यातलं. पाहुणे पोटभर जेवले. राधाबाईंनी मधूला जवळ बसवून घेतलं, त्याची चौकशी केली, आग्रहानं वाढलं, जणू तोच पाहुणा. निघताना त्यांनी सगळ्यांसमोर नारायणरावांना सांगितलं. लपवून काही बोलल्या नाहीत.

“पोरगा मले पसंत हाय. तुमचं घरबी. पन ह्या हातानं मी तिले न्हाऊ घातली, भाऊ. तिले इथी धाडली तर मी तिकडं गोडं पानी कशी पिऊ?”

नारायणराव हात जोडून उभे राहिले. म्हणाले, बरोबर हाय बाई. शामराव काहीतरी समजुतीचं म्हणायला लागले होते. बहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गाडीत चढले. राधाबाईंनी पदराची गाठ सोडली नाही. डाळ तशीच बांधून परत नेली.

सोमवार आणि त्यानंतर

आम्हाला आणखी दोन दिवस राहायचं होतं, पण टिपाडातलं पाणी खाली जात होतं आणि प्रत्येक पेला आम्हीच पीत होतो. म्हणून सोमवारीच निघालो. मी कुसुमकडे चार कामं लावून दिली: रांजणाला झाकण, शेजारच्या दोन घरांबरोबर गाडीच्या पाळ्या, दर खेपेला कोण जाणार, आणि मधूनं खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये काम बघावं. शेवटच्या गोष्टीवर मधू म्हणाला, “पाहीन मावशी. पन मी गेलो तर गाडी कोन हाकीन?” तेव्हा ती ओळ मी खोडली.

राहिलेलं काम एकच होतं आणि ते अगदी साधं होतं. पावसाच्या आत जातं परत आडात सोडायचं. काढलेला गाळ परत टाकून तो दाबून बसवायचा, वर जातं ठेवायचं. मग पाऊस झालाच तर कदाचित काही वर्षांनी गोडं पाणी त्याच्यावर साचेल. कदाचित. कुसुमला तेवढीच आशा होती आणि ती तिनं माझ्यावर सोपवली, कारण नारायणराव माझं ऐकतात.

मी त्यांना सांगितलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, एवढ्यात नको. अजून एकदा उपसून पाहू. आणखी हातभर खणलं तर खालचा गोडा झरा लागेल. मी म्हटलं, खाली गोडं नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते म्हणाले, हाव, माहीत आहे. मग म्हणाले, “जातं वर हाय तवर काम चालू हाय, अक्का. खाली सोडलं का संपलं.”

गाडीत बसताना मी परसाकडे पाहिलं. शेजारची एक बाई सवयीनं घागर घेऊन आली होती आणि फळीपाशी उभी राहून परत गेली.

पुण्याला येऊन आता महिना झाला. इथे परवा वळीव झाला, मुली गच्चीवर नाचल्या. कुसुमचं पत्र आलं. तिकडे थेंब नाही. मधू दोन दिवसांआड टिपाड घेऊन जातो. सुशीलेचं लग्न तिच्याच गावाजवळ ठरलं, पाणी आणताना मधूलाच ते कळलं. बैलाचा पाय दुखावला आहे. नारायणराव रोज सकाळी परसात जाऊन आडात वाकून पाहतात. जातं लिंबाखालीच आहे. कोंबड्या त्याच्यावर बसतात.

मी दोन पत्रं नारायणरावांना लिहिली. दोन्हींत एवढंच लिहिलं, की मृग लागायच्या आत जातं खाली सोडा. उत्तर कुसुमचं येतं, त्यांचं येत नाही. मृग लागला. जातं सोडायचं राहिलं आहे.